रिकाम्या मधपेटीला गंधाचे आमिष: ग्वाल्हेरमधला एका हंगामाचा अनुभव

दिवाळीनंतर मुरैन्याकडे मोहरी फुलायला लागली की मधपेट्यांचे ट्रक येऊ लागतात. माघ-फाल्गुनात मोहरी ओसरते, पेट्या माश्यांनी गच्च भरलेल्या असतात आणि थवे सुटतात, म्हणजे पेटीतल्या माश्यांचा मोठा गट नवे घर शोधायला बाहेर पडतो. हे थवे आपल्या रिकाम्या पेटीत यावेत म्हणून मुरारच्या पुढे मामांच्या शेतावर आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर मी पेट्या लावल्या. काहींत ल्युअरची, म्हणजे माश्यांना खेचणाऱ्या वासाची विकतची नळी, काहींत नुसते गवती चहाचे तेल. आता पाऊस लागलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

कामकरी माशीच्या पोटाच्या टोकाशी नासोनोव्ह ग्रंथी असते. रशियन प्राणिशास्त्रज्ञ नासोनोव्ह यांच्यावरून हे नाव पडले. माशी पोट उचलून पंख फडफडवते, वास पसरतो आणि बाकीच्यांना दार सापडते. या वासात जिरॅनिऑल आणि सिट्रल असते. गवती चहाच्या तेलात बहुतांश सिट्रलच, म्हणून ते चालते. घेताना बाटली नीट वाचा. डासांसाठीचे सिट्रोनेला तेल वेगळे.

शेतावरच्या पेटीत थवा आला. आधी शोधक माश्या आल्या. एकेक जण दाराच्या कडा हुंगते, आत शिरते, बाहेर येऊन पेटीभोवती घिरट्या घालते, परत आत. मामा म्हणाले, "अरे, ही तर घर बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी कोपरा न् कोपरा बघते!" खरोखर तसेच. या माश्या थव्यात परतून नाच करून जागा सांगतात. दुपारी उन्हात मोठा घुमघुमाट झाला, दार माश्यांनी झाकले गेले आणि दाराशीच बऱ्याच जणी शेपट्या वर करून वारा घालत बसल्या. जवळ गेल्यावर लिंबासारखा मंद वास आला. तो आमच्या तेलाचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. इतका आनंद मला फार कमी गोष्टींनी दिलाय.

पण वासावर सगळे सोपवू नका. ज्या पेटीत काळपट, जुन्या पोळ्याची एक चौकट होती, तिथेच शोधक माश्या पुन्हा पुन्हा आल्या. कोऱ्या लाकडाच्या पेटीत तेल असूनही फेरी मारून निघून गेल्या. पेटी साधारण ४० लिटरची, दार लहान, जमिनीपासून उंच आणि सावलीत हवी. सातेरी या देशी मधमाशीसाठी पेटी याहून लहान. चौकट मात्र एकच ठेवा, उन्हाळ्यात मेणकिडा लागतो.

नळी की तेल? नळीचा वास जास्त टिकतो, पण किंमत बोचते आणि एक तर मला आधीच सुकलेली मिळाली. तेल स्वस्त, पण चैत्रातल्या आमच्या उन्हात भराभर उडते. कापसाच्या बोळ्यावर तीन-चार थेंब टाकून तो झिपच्या छोट्या पिशवीत ठेवला आणि तोंड किंचित उघडे ठेवले, तर बरेच दिवस पुरते. भसाभस ओतू नका.

शेजारच्या काकूंनी काळजीने विचारले, याने आग्यामोहोळ तर यायचे नाही ना? नाही. आग्या आणि फुलोरी उघड्यावर पोळे बांधतात, पेटीत राहत नाहीत. पेटीजवळ पिकलेली केळी मात्र ठेवू नका. डंखाबरोबर सुटणाऱ्या धोक्याच्या वासातला मुख्य घटक केळ्याच्या वासाचाच असतो.

पुढच्या हंगामात नळी फक्त शेतासाठी घेईन, तिथे रोज जाणे होत नाही. गच्चीवर तेलच. आणि पेट्या संक्रांत झाली की लगेच टांगायच्या.