कुंडीतली झाडं टाकीतली म्हणून विकली

फिशटँकमध्ये खरी झाडं लावायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे २५०० रुपये गेले, आणि मुलीचे सहा गप्पी मासे.

आमची टाकी दोन फुटी, तळाशी धुऊन घातलेली कन्हान नदीची रेती. हॉलच्या कोपऱ्यात ऊन येत नाही, वर साधा एलईडी. नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानदाराला हे सगळं सांगितलं. त्याने तीन जुड्या काढल्या: जांभळ्या पानांची, पांढऱ्या काठाच्या लांब पानांची आणि गवतासारखी एक. "कमी उजेडात, नुसत्या रेतीत होतात." पाण्यातलीच आहेत ना, मी विचारलं. "पाण्यातच तर ठेवून आहेत, पाहा ना!" ११०० रुपये दिले.

पंधरा दिवसांत पानं काचेसारखी आरपार दिसू लागली. "मेल्ट होऊन राहिली, जुनी पानं गळून नवी येतील," म्हणत त्याने ४५० ची खताची बाटली दिली. पुढच्या खेपेला दोष रेतीचा निघाला, म्हणून नवी रेती आणि खताच्या गोळ्या, ९५०.

ही मेल्टची थाप फार वाईट, कारण ती अर्धी खरी आहे. क्रिप्टोकोरीन ही पाण्यातलीच वनस्पती नव्या पाण्यात खरंच पानं गाळते, पण तिची मुळं घट्ट राहतात आणि तिथूनच नवं पान फुटतं. मी जांभळ्या झाडाचा देठ चिमटीत धरला, तर साल बोटांना चिकटून आली, आत तपकिरी चिखल. उपटलं तर खालची रेती काळी, सडक्या अंड्यासारखा वास. सडणाऱ्या झाडांमुळे पाण्यात अमोनिया वाढतो. गप्पी वर येऊन तोंड उघडत होते, आम्हाला उशिरा कळलं.

शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "काऊन रे, हे कुंडीतलं झाड बुडवून ठेवलं?" त्यांच्या गॅलरीत तेच होतं. नावं नर्सरीत कळली: हेमिग्राफिस, लकी बांबूच्या जातीतला ड्रॅसिना, मोंडो ग्रास. तिन्ही जमिनीवरची. पूर्ण बुडवली की काही आठवडे तग धरतात, मग सडतात. नर्सरीत कुंडीसकट ४० रुपये.

कमी उजेडाला अनुबियास आणि जावा फर्न ही पाण्यात टिकणारी झाडं घ्या. त्यांचं आडवं जाड खोड रेतीत पुरू नका, सडतं. दगडाला दोऱ्याने बांधा. क्रिप्टोकोरीन आणि व्हॅलिसनेरिया रेतीत लागतात, पण रेतीत अन्न नसतं, मुळाशी खताची गोळी हवीच. दुकानात झाडाचं नाव विचारा आणि तिथेच मोबाइलवर फोटो जुळवा. नाव सांगता येत नसेल तर घेऊच नका.

आणि झाडाच्या नावासकट बिल घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करायची तर हातात कागद लागतो. माझ्याकडे तो नव्हता. शेवटी सडलेली जुडी पिशवीत घेऊन दुकानात गेलो, तर तो म्हणाला, "ही आमच्याकडची नाहीत, साहेब."