झावी की झाबी: मधल्या फळीत खेळणाऱ्याने आधी कोणाला बघावं?

आधी नावांचा घोळ मिटवू. दोघेही स्पेनचे फुटबॉलपटू, दोघेही मधल्या फळीतले, म्हणजे मिडफिल्डर. बार्सिलोनाचा तो झावी, पूर्ण नाव झेवियर एर्नांदेस. लिव्हरपूल, रेआल माद्रिद, बायर्न म्युनिक असा फिरला तो झाबी अलोन्सो, झाबिएर. नाव मुळात एकच, स्पेनच्या नवारामधल्या हाविएरवरून आलेलं. जुन्या गोव्याच्या बॅसिलिकात ज्यांचं शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियरही तिथलेच. दोघे २०१० चा विश्वचषक एकत्र जिंकले, २००८ आणि २०१२ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धाही. पण खेळ पाहिला तर दोन वेगळे धंदे आहेत.

आता प्रश्न असा, की तुम्ही किंवा तुमचा पोरगा मधल्या फळीत खेळतो आणि रात्री मोबाइलवर जुने सामने बघायला तासभर हाताशी आहे. कोणाचे बघायचे? दहातले नऊ जण म्हणतील झावी. मीही अनेक वर्षं तेच सांगायचो.

झावीत बघण्यासारखं काय आहे? त्याची मान. चेंडू लांब असताना तो चेंडूकडे फार कमी बघतो. डावीकडे, उजवीकडे, पाठीमागे त्याची नजर भिरभिरत असते. चेंडू पायाशी येईपर्यंत पुढचा पास ठरलेला असतो. उंची जेमतेम १.७० मीटर, वेगही बेताचा, म्हणून मान हेच त्याचं हत्यार. २ मे २००९ ला बार्सिलोनाने माद्रिदमध्ये जाऊन रेआलला ६-२ ने झोडपलं, त्यातल्या चार गोलांचे पास झावीचे. तो सामना त्याच्यावरच नजर ठेवून बघा, चेंडू दिसला नाही तरी चालेल.

पण इथे एक ग्यानबाची मेख आहे. झावी अकराव्या वर्षी बार्सिलोनाच्या ला मासिआ या युवा अकादमीत गेला आणि पुढे त्याच क्लबसाठी ७६७ सामने खेळला. त्याच्या आजूबाजूचे इनिएस्ता, बुस्केट्स, मेस्सी त्याच तालमीत घडलेले. पास देऊन हा वळला की सोबतचा खेळाडू जागा बदलून पुन्हा तयार. आमच्या टर्फवर एखादा पोरगा झावीची नक्कल करतो, छोटा पास देतो, दोन पावलं सरकून चेंडू परत मागतो, आणि ज्याला पास दिला तो कमरेवर हात ठेवून विचारतो, ‘आता काय करू?’ त्या पोराचं काही चुकलेलं नसतं, पण चेंडू गेलेला असतो.

म्हणून मोठ्या मैदानावर, अकरा जणांत खेळणाऱ्याला मी हल्ली झाबी सांगतो. रेआल सोसिएदाद, लिव्हरपूल, माद्रिद, बायर्न. तीन देश, चार क्लब, प्रत्येक प्रशिक्षकाची वेगळी रीत, आणि सगळीकडे हा चपखल बसला. लिव्हरपूलकडून २००५ आणि माद्रिदकडून २०१४ अशी दोनदा चॅम्पियन्स लीग त्याच्या नावावर आहे. इस्तंबूलच्या २००५ च्या अंतिम सामन्यात त्याची पेनल्टी मिलानचा गोलकीपर दिदाने अडवली आणि परत आलेला चेंडू त्यानेच वर मारून जाळ्यात घातला. न्यूकॅसलविरुद्ध तर त्याने आपल्या अर्ध्या भागातून गोल केला.

ते गोल डोळ्यांत भरतात, पण शिकायचं ते उभं राहणं. टॅकल हा शेवटचा उपाय आहे, असं त्याचं मत होतं. आपल्याकडे घसरून चेंडू काढला की टाळ्या पडतात, त्यामुळे हे पचायला जड जातं. तो दोन पावलं आधीच पासच्या वाटेत जाऊन थांबतो, चेंडू आपसूक त्याच्याकडे येतो आणि मग चाळीस मीटरवरच्या विंगरच्या, म्हणजे कडेने धावणाऱ्याच्या पायात जाऊन पडतो. हे करायला शेजारी मेस्सी लागत नाही. विंगर पळणारा हवा, एवढंच.

पाच-पाचच्या टर्फवरच खेळत असाल तर हे सगळं विसरा आणि डोळे मिटून झावी निवडा. तिथे लांब पास जाळीवर आदळतो.

दोघांना एकत्र बघायचं असेल तर २०१० च्या विश्वचषकाचा नेदरलँड्सविरुद्धचा अंतिम सामना आहे. डी याँगची लाथ अलोन्सोच्या छातीत बसली ती त्यातलीच. तरी तो ८७ व्या मिनिटापर्यंत खेळला. पण सामना रटाळ आणि फाउलने भरलेला. त्यापेक्षा युरो २०१२ ची फ्रान्सविरुद्धची उपांत्यपूर्व लढत घ्या. अलोन्सोचा स्पेनसाठीचा शंभरावा सामना, स्पेनचे दोन्ही गोल त्याचे. पहिला १९ व्या मिनिटाला, अल्बाच्या क्रॉसवर हेडरने. तो गोल झाला की दहा सेकंद मागे घ्या आणि अलोन्सो कुठून निघाला ते बघा.