परिषद संपल्यावर रिक्षाने रत्नागिरी

परिषद दुपारी आटोपली, कोल्हापूरची एसटी रात्रीची. आम्ही तिघी शिक्षिकांनी अर्ध्या दिवसासाठी रिक्षा ठरवली.

आधी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचं, थिबाचं, राज्य १८८५मध्ये गेलं आणि पुढे इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं. १९१०मध्ये बांधून झालेल्या या वाड्यात जेमतेम सहा वर्षं राहून तो १९१६मध्ये इथेच वारला. खिडकीतून खाली भाट्याची खाडी दिसली आणि मला गलबलून आलं. परत मायभूमी दिसलीच नाही हो त्याला! रिक्षावाल्या काकांनी जराही घाई केली नाही, हे फार आवडलं.

टिळकांचं जन्मस्थान मात्र धावतपळत झालं. रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन, तिन्ही बाजूंना समुद्र. सूर्यास्त भाट्याच्या पुळणीवर, सुरूच्या बनाशेजारी.

भाडं आधीच ठरवा आणि राजवाड्याला निदान तासभर द्या.