कागोशिमा की पोत्सुओली: ज्वालामुखीशेजारी राहायचं झालं तर

माझं लहानपण अंधेरीत गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी गेलं. गावदेवीच्या दर्शनाला ज्या काळ्या कड्यावर चढायचो, तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे हे खूप उशिरा कळलं. निजलेल्या दगडावर वाढणं वेगळं आणि जाग्या डोंगराशेजारी बिऱ्हाड करणं वेगळं. नोकरीमुळे मी दोनदा ते केलं: जपानमध्ये कागोशिमात तीन वर्षं, मग इटलीत नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत अकरा महिने. आता आत्येबहिणीच्या मुलाला दोन्हीकडून बोलावणं आलंय. लिहितोय त्याच्यासाठी, पण अशाच पेचात असलेल्या कुणालाही उपयोग व्हावा.

कुठला ज्वालामुखी जास्त घातक, या वादात मी पडत नाही. दोन्हीकडे खाली प्रचंड कॅल्डेरा, म्हणजे जुन्या महाउद्रेकात जमीन खचून झालेला खळगा, आहे आणि दोन्हीकडे रात्रंदिवस पहारा देणारे शास्त्रज्ञ आहेत. नेपल्सची ज्वालामुखी-वेधशाळा तर १८४१ची, अशा वेधशाळांमध्ये जगातली सगळ्यात जुनी. खाण्याच्या बाबतीत, शाकाहारी असाल तर पोत्सुओली निःसंशय सोपं; कागोशिमात साध्या सूपमध्येही मासा निघतो. माणसं दोन्हीकडे चांगली भेटली. पोत्सुओलीची जास्त बोलकी.

कागोशिमाचा त्रास म्हणजे राख. साकुराजिमा ज्वालामुखी खाडीपलीकडे जेमतेम चार किलोमीटरवर उभा, आणि उन्हाळ्यात वारा शहराकडे फिरला की राख थेट गॅलरीत. ती चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते, बारीक काचेच्या कचासारखी असते. गाडीची काच कोरड्या वायपरने पुसलीत तर कायमचे ओरखडे. पावसात तिचा चिखल होतो. पण पालिका त्यासाठी पिवळ्या पिशव्या देते, राख भरून ठरलेल्या जागी ठेवली की गाडी घेऊन जाते. टीव्हीवर हवामानाबरोबर साकुराजिमावरच्या वाऱ्याची दिशाही सांगतात. ती बघून माझी बायको धुणं आत घालायचं की बाहेर हे ठरवायची. मुंबईत चार महिने घरातल्या दोऱ्यांवर कपडे वाळवलेल्या माणसाला याचं फार वाटत नाही, असा माझा तरी अनुभव.

पोत्सुओलीत डोंगर दिसतच नाही. गावच काम्पी फ्लेग्रेई नावाच्या कॅल्डेरात वसलंय. तिथे जमीन वर-खाली होते. बाजाराजवळच्या रोमन खांबांवर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं दिसतात, म्हणजे एकेकाळी तिथवर पाणी होतं. १९८२ ते १९८४ दरम्यान जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली आणि हजारो लोकांना घरं सोडावी लागली. आता ती पुन्हा वर येतेय. जुन्या बंदरातल्या होड्या गाळात बसलेल्या मी रोज पाहायचो.

आणि तिथले धक्के. ते दोन-तीन किलोमीटर खोलीवरून येतात, त्यामुळे आकड्यात किरकोळ असलेला धक्काही अंगावर येतो. आधी वरच्या मजल्यावर कुणी कपाट पाडल्यासारखा आवाज, मग पलंगाला खालून दणका. लगेच प्रश्न: मुलीला उचलून खाली जायचं की पडून राहायचं? पाच मिनिटांनी पुन्हा तेच. २० मे २०२४च्या संध्याकाळी ४.४ तीव्रतेचा झाला, त्याआधी आणि नंतर बारके बारके किती, मोजणं सोडून दिलं. ती रात्र आम्ही शेजाऱ्यांबरोबर मैदानात काढली. इजा कुणाला झाली नाही, भिंतीला एक तडा गेला. पण त्यानंतर मुलगी बूट घालूनच झोपायची. मला भूकंप सोसला, पण पुढच्या धक्क्याची वाट बघत जागणं सोसलं नाही. करार वाढवायचा का असं ऑफिसने विचारलं, तेव्हा मी कागोशिमाची जागा परत मागितली. सध्या सुट्टीवर अंधेरीला आहोत, पुढच्या महिन्यात निघू.

कागोशिमाला भाबडेपणाने घेऊ नका, हेही सांगतो. १९१४च्या उद्रेकाआधी वेधशाळेने धोका नाही म्हटलं होतं, त्यावर विसंबून राहिलेले काही जण गेले. पुढे लाव्ह्याने सामुद्रधुनी बुजून साकुराजिमाचं बेट जमिनीला जोडलं गेलं. जुलै २०२२मध्ये इशाऱ्याची पातळी थेट पाचवर, म्हणजे सगळ्यात वर, नेली, ती रात्र आम्हीही खिडकीशी बसून काढली. पण बघायला समोर डोंगर होता. धूर वाढला की दिसतो, वारा फिरला की कळतो. माझ्या मनाला ते पुरतं. तुमच्या मनाला पुरेल असं नाही.

जमलं तर होकार देण्याआधी दोन्हीकडे आठवडाभर राहून या. कागोशिमाला उन्हाळ्यातच जा. हिवाळ्यात वारा राख पलीकडच्या ओसुमी द्वीपकल्पाकडे नेतो, शहर स्वच्छ दिसतं आणि अंदाज चुकतो. पोत्सुओलीत मात्र समुद्रावरचं हॉटेल घेऊ नका, गावातल्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली बघा, आणि मुलं असतील तर त्यांनाही बरोबर न्या.