स्केल चेंजर पेटी : दहा महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीत पेटी, म्हणजे हार्मोनियम घेतली. साडेतीन सप्तकं, खर्ज (खालचा) आणि नर (मधला) असे सुरांचे दोन संच, नऊ स्केलची स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी). 28,000 रुपये पडले. त्याआधी चार वर्षं कॅसिओवर भावगीतं बडवत होतो, त्यामुळे महिन्याभरात हात बसेल असं धरून चाललो होतो.

उजवा हात बसलाही. फजिती केली ती डाव्याने. कॅसिओला विजेची सवय, इथे वारा आपणच घालायचा. सूर तुटेल या धास्तीने मी भाता असा दामटायचो की प्रत्येक स्वराला उचकी लागायची. पेटी शिकवणारे सर म्हणाले, "अहो, स्टोव्हला पंप मारताय का?" आणि तीन आठवडे फक्त सा धरायला लावला. बोट एकाच पट्टीवर, भात्याने तो सा हळू करायचा, फुलवायचा, परत हळू. घरच्यांनी या काळात बरंच सोसलं.

डोक्यात प्रकाश पडला तो पेटी उघडलेली पाहिली तेव्हा. आपण हलवतो तो बाहेरचा भाता नुसती हवा भरतो. सूर वाजतात ते आतल्या, स्प्रिंगने दाबलेल्या दुसऱ्या भात्यावर. तो भरलेला राहील एवढंच बघायचं, घाई कसली! तेव्हापासून मनगट सैल झालं.

पेटी उघडावी का लागली? तर भाता गळत होता. दुकानात मी दट्टे, पॉलिश, पितळी कड्या बघत बसलो. खरी परीक्षा सोपी आहे : भाता पूर्ण भरा, एकच स्वर धरा, भाता न हलवता सेकंद मोजा. माझी आठ सेकंदांत धापा टाकायची. कोपऱ्यातलं चामडं सुटलं होतं. दुकानदार म्हणे, "नवीन आहे, वापराने बसेल." बसलं नाही. शेवटी दुसऱ्या कारागिराकडून चिकटवून घेतलं, आता वीस सेकंद आरामात निघतात.

स्केल चेंजरबद्दल मत जरा कडू आहे. सगळी पट्टी उचलून बाजूला सरकवली की त्याच पट्ट्या वेगळ्या सुरांवर बसतात; बोटं पांढरी एकची (म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून) ठेवून काळी दोन वाजवता येते. मी गातो काळी एकमध्ये, बायको काळी चारमध्ये, म्हणून हौसेने घेतली. सरांनी सहा महिने सरकवूच दिली नाही. "प्रत्येक पट्टीत बोटं फिरली पाहिजेत, मग करा चैन." बरोबरच होतं त्यांचं, पण मग साधी पेटी का नाही घेतली? तिचं वजनही कमी. ही खोक्यासकट 17 किलो भरते. भजनाला घेऊन जायची म्हणजे आधी लिफ्ट चालू आहे का ते विचारतो.

मोबाइलवर तानपुरा लावून वाजवायला लागल्यावर एक नवीनच गोष्ट खटकायला लागली. पेटीचा शुद्ध गंधार (ग) चढा वाटतो. पेटी बिघडलेली नाही; सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून ती लावलेली असते, आणि तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार त्याहून किंचित खाली असतो. मींडही (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नाही. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दारं बंद ठेवली होती, हे वाचून पूर्वी राग यायचा. आता थोडं तरी कळतं. त्यानंतर पेटीवादक अप्पा जळगावकरांची साथ ऐकली की परत काही कळेनासं होतं.

पावसाळ्यात दोन पट्ट्या फुगून अडकल्या, एक सूर कचऱ्याने मुका झाला. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि रोज अर्धा तास तरी वाजवतो. बंद ठेवलेली पेटी जास्त कुरकुर करते.

परवा गणपतीत सोसायटीच्या आरतीला पहिल्यांदा साथ केली. काळी दोनला लावून तयार बसलो होतो. मंडळींनी उचलली पांढरी चारला, आणि तिसऱ्या आरतीपर्यंत ती कुठे चढली ते त्या गजाननालाच ठाऊक. पट्टी काही मध्येच सरकवता येत नाही. मी मुकाट्याने सा धरून भाता हलवत राहिलो.