झेंडूची ४२ फुलं एकेक करून निवडायची, तर इलस्ट्रेटर की इंकस्केप?

चित्रं काढायची ही दोन्ही सॉफ्टवेअर मी वापरतो, इलस्ट्रेटर ऑफिसात आणि इंकस्केप घरी, त्यामुळे रेषा काढायचं पेन टूल कुणाचं भारी या भांडणात मी पडत नाही. प्रश्न एवढाच, की एकसारखे दिसणारे पन्नासेक ऑब्जेक्ट समोर असले आणि एकावरून दुसऱ्यावर जायचं असलं तर कुठे डोकं कमी उठतं.

माझं उठलं ते भाचीच्या लग्नपत्रिकेत. वर तोरण, त्यात झेंडूची ४२ फुलं, मधेमधे आंब्याची पानं, सगळं एकमेकांवर चढलेलं. फुलं डुप्लिकेट करत गेलो म्हणून सगळी एकाच केशरी रंगाची, आणि ताईने बघितल्या बघितल्या सांगितलं, अरे ही प्लॅस्टिकची माळ वाटतेय. म्हणजे आता एकेक फूल धरून कुणाला पिवळं करा, कुणाला गडद करा.

सगळी फुलं एकदम पकडायची असतील तर इलस्ट्रेटर पुढे आहे, ते मान्यच. सिलेक्ट सेममध्ये, म्हणजे एकसारखं सगळं एकदम निवडायच्या सोयीत, फिल (आतला रंग), स्ट्रोक (कडेची रेषा), ओपॅसिटी (अपारदर्शकता) सगळं मिळतं, शिवाय मॅजिक वाँड या टूलला टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, देता येतो म्हणून जवळपास केशरी असलेलंही सापडतं. इंकस्केपमध्ये सिलेक्ट सेम आहे, पण रंग जरासा इकडेतिकडे झाला की ते फूल बाहेर.

पण मला एकदम नको होती ना, एकामागून एक हवी होती. इंकस्केपमध्ये टॅब दाबला की पुढचं, शिफ्ट टॅब दाबला की मागचं. क्रम स्टॅकिंगचा असतो, म्हणजे ऑब्जेक्ट एकावर एक जसे रचलेत तसा, खालून वर, आणि मी डावीकडून एकाचं डुप्लिकेट, मग त्याचं डुप्लिकेट असं करत आलो होतो म्हणून टॅबही डावीकडून उजवीकडेच चालला. टॅब, खालच्या पॅलेटवर क्लिक, टॅब, क्लिक. चहा गार व्हायच्या आत तोरण झालं.

इलस्ट्रेटरमध्ये टॅब दाबला की पॅनल गायब! ते मुद्दामच तसं ठेवलंय, काहींना आवडतही असेल, पण घरची सवय लागलेला हात ऐकत नाही आणि दर दोन मिनिटांनी स्क्रीन उघडीबोडकी होते. पुढच्या ऑब्जेक्टवर जायची सोय तिथेही आहे, कंट्रोल, ऑल्ट आणि चौकटी कंस, म्हणजे तीन बोटं, आणि इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये डाव्या कंसाच्या कीवर असतो ‘ड’, त्यामुळे पत्रिकेचा मजकूर टाइप करता करता फुलांकडे वळलं की आधी कीबोर्ड कुठल्या भाषेत आहे ते बघा. टॅब बिचारा कुठल्याही भाषेत टॅबच. मला विचाराल तर माझा निर्णय इथेच झाला, बाकीच्या गोष्टी नंतर.

अर्थात इंकस्केपचा टॅब फुलं आणि पानं असा भेद करत नाही, चालू लेयरमधलं, म्हणजे चित्राच्या त्या थरातलं, जे पुढे असेल ते घेतो. म्हणून पानं वेगळ्या लेयरवर टाकून तो लेयर लॉक करा. नाहीतर चुकून पानावर क्लिक झालं की चालू लेयरच बदलतो आणि मग टॅब पानापानांत फिरत बसतो, मी दहा मिनिटं फुलं कुठे गेली म्हणून शोधत होतो. फुलांचा ग्रुप करून आत शिरलं तरी चालतं, पण ग्रुप काय किंवा वेगळा लेयर काय, सगळी फुलं एका थरात येतात आणि मधली पानं सगळ्यांच्या वर किंवा खाली जातात, तेवढं चालवून घ्यावं लागतं. आणि खाली दडलेलं काही हवं असेल तर ऑल्ट क्लिक आहे, फक्त काही लिनक्स डेस्कटॉपवर ऑल्ट धरून ओढलं की अख्खी विंडोच सरकते, ते सेटिंग आधी बदलून घ्या.

छपाईच्या सीएमवायकेला, म्हणजे प्रेसच्या चार शाईंच्या रंगपद्धतीला, मात्र इंकस्केप कच्चं आहे, मी शेवटी पीडीएफ काढून रंग ऑफिसातच बदलले. रोज प्रेसचंच काम असेल तर इलस्ट्रेटर सोडा असं मी तरी म्हणणार नाही. पुढच्या महिन्यात पुतण्याची मुंज आहे, ते तोरण घरीच करणार.