सॅलोमन स्पीडक्रॉस ६: जंगलातल्या मातीवर बिनधास्त, कातळ आला की जपून

जंगलातून चढत जाऊन माथ्यावरच्या पॉइंटला पोचणाऱ्या वाटेचे बहुतेक वेळा तीन तुकडे असतात. खाली माती आणि पालापाचोळा, मध्ये झाडांच्या मुळांनी तयार झालेल्या पायऱ्या, आणि झाडी विरळ झाली की उघडा कातळ नाहीतर सुटा घसारा. यातला कोणता तुकडा तुमच्या वाटेवर सगळ्यात लांब आहे हे आधी बघा, मगच सॅलोमन स्पीडक्रॉस ६ या डोंगरवाटांवर धावायच्या बुटाचा विचार करा. मऊ मातीच्या खड्या चढावर इतकी खात्रीशीर पकड फार थोडे बूट देतात. ओल्या कातळावर मात्र याच्या भरवशावर धावू नये.

बूट उलटा धरून तळ नीट बघा. बाणाच्या टोकासारखे ५ मिमी उंचीचे दात आहेत आणि त्यांच्यात चांगली ऐसपैस जागा सोडलेली आहे. चवड्याकडचे दात चढताना मातीत रुततात, टाचेकडचे उलट्या दिशेचे दात उतरताना ब्रेक लावतात. मधली मोकळी जागा दातांइतकीच कामाची. दात दाटीवाटीने बसवले की त्यांच्यात चिखल ठासून भरतो आणि दहा-बारा पावलांत तळ सपाट होतो. इथे पाऊल वाकलं की चिखल आपोआप सुटून पडतो. अगदी चिकट मातीत हेही दात भरतात, तेव्हा तळ एखाद्या दगडाच्या कडेवर आपटून मोकळा करायचा आणि पुढे निघायचं.

टाच चवड्यापेक्षा १० मिमी उंच आहे. आजकालच्या ट्रेलच्या बुटांत हा फरक जास्तच म्हणायचा. खड्या चढावर टाच जमिनीला टेकतच नाही, सगळा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. उंच टाचेमुळे तो थोडा हलका होतो. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून भराभर चालत चढणाऱ्यांना हा फायदा लगेच जाणवेल. पण डोंगराच्या अंगाला लागून जाणाऱ्या तिरक्या वाटेवर हीच उंची त्रास देते. पाय जमिनीपासून वर असल्यामुळे बूट कलला की घोट्याला जास्त हिसका बसतो. घोटा आधी एकदा मुरगळलेला असेल तर ४ ते ६ मिमी फरकाचा, रुंद तळाचा दुसरा बूट बघा.

आता मापाबद्दल, कारण बरेच जण इथेच चुकतात. पुढचा भाग अरुंद आहे. पाऊल रुंद असेल तर नेहमीचा बूट अर्धं माप वाढवून घेण्यापेक्षा याचा रुंद प्रकार मिळतो तो घ्या. नुसती लांबी वाढवली तर टाच मागे हलायला लागते. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, धावताना घालता तेच मोजे घालून बघा. उतरत्या फळीवर किंवा जिन्याच्या पायरीवर बोटं खाली करून उभं राहा आणि दोन-तीनदा जोर देऊन पाय पुढे ढकला. अंगठा पुढच्या भिंतीला लागला तर ते माप तुमचं नाही. अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. उतारावर नखं काळी पडतात ती याच कारणाने: प्रत्येक पावलाला बोटं पुढे आपटतात, आणि तासभराच्या उतारात अशी पावलं हजारोंनी पडतात.

लेस हा या बुटाचा सगळ्यात आवडणारा आणि सगळ्यात चुकीचा वापरला जाणारा भाग. बारीक, मजबूत दोरी एकदा ओढायची, लॉक खाली सरकवायचं, उरलेली दोरी जिभेवरच्या खिशात खोचायची. गाठ सुटायची भीती नाही, फांदीत लेस अडकायची भीती नाही. पण दोरी सगळीकडे मोकळी सरकते, त्यामुळे चवड्यावर सैल आणि घोट्यापाशी घट्ट असं वेगवेगळं बांधता येत नाही. यावर उपाय म्हणजे एकाच धावेत लेस दोनदा बांधणं. चढताना थोडी सैल ठेवा, कारण पाऊल सुजतं आणि घट्ट दोरी पावलाच्या वरच्या शिरा दाबते. बोटांना मुंग्या येतात त्या यामुळेच. पॉइंटवर पोचलात की बसून, टाच जमिनीवर ठोकून मागे बसवा आणि मगच लेस परत ओढा. उभ्या उभ्या ओढली तर पाऊल पुढे सरकलेलंच राहतं आणि घट्ट करून काही उपयोग होत नाही.

कातळावर काय होतं ते समजून घ्या. कठीण पृष्ठभागावर दात रुतत नाहीत, फक्त त्यांची टोकं टेकतात. रबर जितकं जास्त टेकेल तितकी पकड, आणि इथे टेकणारा भागच कमी. शिवाय उंच दात वजनाखाली वाकतात, त्यामुळे पाय किंचित डुगडुगतो. कोरड्या कातळावर हे चालून जातं. ओल्यावर वेग सोडा, पावलं आखूड करा, पूर्ण तळवा सपाट टेकवा, चवड्याच्या टोकावर उभं राहू नका. वाटेवर ओला कातळच जास्त असेल तर व्हायब्रम मेगाग्रिपसारख्या चिकट रबराचा, बुटक्या दातांचा तळ घ्या. शेवाळावर मात्र कोणतंच रबर टिकत नाही, तिथे वळसा घालावा.

ओली मुळं त्याहून फसवी. साल निघालेलं मूळ साबणासारखं असतं, आणि त्यावर ओली पानं पडली की ते दिसतही नाही. मुळावर पाय देण्यापेक्षा दोन मुळांमधल्या मातीच्या खळग्यात द्या. द्यावाच लागला तर मूळ पावलाला आडवं येईल असा द्या, म्हणजे ते दोन दातांच्या मध्ये बसतं. मुळाच्या लांबीच्या दिशेने पाय कधीच टाकू नका.

वॉटरप्रूफ गोअर-टेक्सचा प्रकारही मिळतो. थंड, कोरड्या दिवशी ओल्या गवतातून जायचं असेल तर तो ठीक. ओढे ओलांडायचे असतील तर साधाच घ्या. घोट्याच्या कडेवरून आत शिरलेलं पाणी गोअर-टेक्समधून बाहेर निघत नाही, आणि ओल्या मोज्यात पाऊल मऊ पडून फोड येतात.

जंगलापर्यंत डांबरी रस्ता असेल तर तेवढं अंतर दुसरा बूट घाला. डांबरावर सगळा भार दातांच्या टोकांवर येतो आणि ती भराभर झिजतात. दात निम्मे झाले, म्हणजे अडीच मिमीवर आले, की मातीतली पकड गेलीच समजा. वरचा भाग कितीही नवा दिसत असला तरी उतारासाठी तो बूट वापरू नका.

धावून आल्यावर इनसोल काढा, गार पाण्याने आणि मऊ ब्रशने चिखल धुवा, आत कागद कोंबून सावलीत वाळवा. हीटरजवळ ठेवलात तर तळाचा गोंद सुटू शकतो. धुताना लेसच्या लॉकमध्येही पाणी सोडा. बारीक वाळू त्यात अडकली की लॉक नीट धरत नाही, आणि दाण्यांवर घासून दोरीचे धागे निघायला लागतात. बदलायची दोरी आणि लॉक यांचा वेगळा संच कंपनी विकते. बसवताना जुनी दोरी तोडण्याआधी ती कोणत्या भोकातून कशी गेली आहे याचा फोटो काढून ठेवा.